जुनी कॅबरने आठ जणांत चाखायची तर आधी उकाड्याचं बघा

आमच्या दादरच्या घरात शोकेसवर, बाबांच्या रिटायरमेंटच्या मोमेंटोशेजारी, एक रेड वाइनची बाटली बारा वर्षं उभी होती. कोणीतरी दिलेली, फ्रेंच, लेबलवर वाड्यासारखं चित्र, आणि घरात सगळ्यांची खात्री की ही दरवर्षी आणखी भारी होत चाललीय. आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला ती उघडली, बूच चिकट झालेलं, रंग चहासारखा, आणि आईने नुसता वास घेऊन सांगितलं, "चिंचेचा कोळ करपलाय." मी त्यानंतर बऱ्याच टेस्टिंगना बसलो, पण इतकी अचूक टेस्टिंग नोट परत ऐकली नाही.

तर मुंबईत जुनी वाइन चाखताना दोन गोष्टी सगळं बिघडवतात, एक उकाडा आणि दुसरी बडबड. बाकी ग्लास, ओपनर, मार्क हे सगळं जमतं. आम्ही आठ जण वर्षातून एकदोनदा बसतो, कॅबरने ही रेड वाइन घेऊनच बसतो, आणि नवीन माणूस आला की तेच तेच प्रश्न विचारतो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

कॅबरनेच का

कॅबरने सॉव्हिन्यो ही द्राक्षाची जात. दाणे लहान, साल जाड, म्हणजे सालीतून उतरणारं टॅनिन (वाइनला तुरट करतं ते) आणि रंग दोन्ही भरपूर, आणि जुनं व्हायला तेच लागतं. 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात डीएनए तपासून कळलं की ही कॅबरने फ्राँ आणि सॉव्हिन्यो ब्लाँ या दोन द्राक्षजातींची लेक आहे. या घराण्यात ढोबळ्या मिरचीसारखा एक हिरवा वास असतो आणि तो दोन्हीकडून आलेला आहे. द्राक्षं थोडी कच्ची असताना काढली की तो जास्त येतो.

फ्रान्समध्ये बोर्दो भागात नदीच्या डाव्या काठावर, मेदोकमध्ये, कॅबरनेत मर्लो वगैरे दुसऱ्या जातींची द्राक्षं मिसळून वाइन करतात. कॅलिफोर्नियात नापा, ऑस्ट्रेलियात कूनावारा, चिलीत मायपो ही तिची मोठी ठिकाणं, आणि आपल्याकडे नाशिक, अकलूज, नंदी हिल्स, हंपी. आपल्या वाइन बऱ्याचदा मिश्र असतात, ग्रोव्हर या इथल्या वायनरीची ला रिझर्व्ह म्हणजे कॅबरने आणि शिराझ, फ्रातेल्लीची सेत्ते म्हणजे सांजोवेसे आणि कॅबरने. एकाच टेबलावर असं सगळं मांडलं तर चालतं, फक्त लिहून ठेवा कुठल्या बाटलीत काय आहे ते.

बाटलीत वर्षं जातात तसं टॅनिन आणि रंग एकमेकांना चिकटत जातात, मोठे होतात, तळाला गाळ बसतो. म्हणून जुनी वाइन फिकट दिसते आणि जिभेला कमी ओढते. ताज्या जांभळा-करवंदाचा वास कमी होऊन मनुका, तंबाखू, चामडं, ओला पाचोळा असलं काहीतरी पुढे येतं. पण हे प्रत्येक बाटलीचं होत नाही हां, वाइन शॉपमध्ये मिळणाऱ्या बहुतेक कॅबरने चार-पाच वर्षांत पिऊन टाकायच्याच असतात, त्यानंतर त्या फक्त थकतात.

बाटल्या कुठून आणायच्या

मुंबईतलं वाइन शॉप म्हणजे वाइन सोडून सगळं मिळणारं दुकान हे आपल्याला माहीत आहे. जुन्या व्हिंटेज, म्हणजे जुन्या वर्षांच्या बाटल्या, तिथे सहसा नसतातच, आणि चुकून एखादी दिसली तर आनंदाने उचलू नका, आधी विचारा ही इथे किती वर्षं आहे. काचेच्या शोकेसमध्ये, दुपारच्या उन्हात, ट्यूबलाइटखाली तीन मे महिने काढलेली बाटली जुनी नसते, शिजलेली असते. वाइन ठेवायला बारा ते चौदा डिग्री लागते आणि आपल्या घरात पंख्याखाली तीस असते. गरमीत वाइनचं वय झटकन वाढतं, आणि नुसतं वाढत नाही, वेडंवाकडं वाढतं.

त्यामुळे आमच्या बाटल्या येतात त्या परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतून. एका माणसाला दोन लिटर दारू ड्यूटी न भरता आणता येते, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या आरामात. मामेभाऊ आला की दोन, मावशी आली की दोन (तिला कळू न देता नाही, तिला सांगूनच, ती आता स्वतः विचारते कुठलं वर्ष आणू). उरलेल्या इथल्या वायनरीतून थेट आणायच्या आणि ज्याच्याकडे वाइन फ्रिज आहे त्याच्या गळ्यात मारायच्या. आमच्यात तो एकच आहे, मुलुंडला, आणि तो त्याचा पुरेपूर फायदा घेतो. पैशांची कॉन्ट्री आधीच काढा, नंतर काढायला गेलं की जिला शेवटचा नंबर मिळाला त्या बाटलीच्या मालकाचं तोंड वाकडं होतं.

पहिल्यांदा करताय तर सहा बाटल्या पुरे, खरं तर पाचही चालतील. त्यातली एक नक्की तरुण घ्या, दोनतीन वर्षांची, नाशिक किंवा अकलूजची. ती मोजपट्टी. तिच्याशिवाय नवीन माणसाला कळतच नाही की जुनी झाली म्हणजे काय झालं. बाकीच्या दोन आठ-दहा वर्षांच्या, दोन पंधराच्या पुढच्या, मिळतील तशा. एकाच वायनरीची वेगवेगळी वर्षं मिळाली तर फारच छान, याला व्हर्टिकल म्हणतात, आणि वर्ष एकच पण वायनऱ्या वेगळ्या असल्या तर हॉरिझॉन्टल. आपल्याला बहुतेक वेळा खिचडीच मिळते.

बाटली हातात आली की उजेडात धरून बघा वाइन कुठपर्यंत आहे. मानेपर्यंत भरलेली असेल तर मस्त, वीस वर्षांनी खांद्याच्या वरच्या भागात आली तरी ठीक, खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर आत हवा गेलीय. बूच वर आलेलं किंवा टोपीखाली ओघळ सुकलेला दिसला तर ती कधीतरी तापलेली आहे, मग लेबलवर काहीही लिहिलेलं असो.

तारीख काढणं

हे सगळ्यात अवघड काम. एप्रिल-मे बाद, ऑक्टोबर बाद. श्रावणात निम्मे पीत नाहीत, गणपतीत कोणी घरी नसतं, नवरात्रात अर्ध्यांचे उपास. उरतं दिवाळीनंतर ते होळीआधी. ड्राय डे कधी आहे ते बघून घ्या आणि परमिटही काढून ठेवा, महाराष्ट्रात प्यायला परमिट लागतं हे आपण सगळे सोयीस्करपणे विसरतो, एका दिवसाचं वाइन शॉपमध्येच मिळतं.

वेळ सकाळी अकराची ठेवा. संध्याकाळी तोंड दिवसभराच्या चहा आणि वडापावने मेलेलं असतं. फक्त रविवारी अकराला अख्ख्या बिल्डिंगमध्ये बोंबील तळले जातात, आमच्याकडे तर डक्टमधून थेट हॉलमध्ये वास येतो, म्हणून आता आम्ही शनिवारी बसतो. त्या दिवशी घरात उदबत्ती नाही, धूप नाही, रूम फ्रेशनर नाही. येणाऱ्यांना आधीच सांगा, परफ्यूम मारून येऊ नका, गजरा नको, पान खाऊन येऊ नका. एकदा एक जण खास नटून अत्तर लावून आला होता आणि सहाही वाइनना खसाचा वास येत होता.

आदल्या रात्री

जुन्या बाटल्या आदल्या दिवशीच उभ्या करायच्या, गाळ तळाला बसायला कमीत कमी एक रात्र लागते. फ्रिजमध्ये उभ्या ठेवा पण दारात नको, दार उघडझाप करताना हलतात, आतल्या खणात ठेवा, भाज्या एक दिवस बाहेर राहिल्या तर काही होत नाही. सकाळी सुरू करायच्या तासदीड तास आधी बाहेर काढा. "रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची" हे ज्यांनी सांगितलं त्यांच्या रूममध्ये सोळा-अठरा डिग्री असायची. आपल्या रूम टेंपरेचरला वाइन नुसती दारूसारखी नाकात जाते. ग्लासात थोडी गार वाटली तर घाबरू नका, हातात धरली की चढतेच, उलटं करता येत नाही.

ग्लास. आठ माणसं गुणिले सहा वाइन म्हणजे अठ्ठेचाळीस ग्लास, ते कोणाच्याच घरी नसतात. आम्ही तीन-तीनच्या दोन खेपा करतो, म्हणजे चोवीस, ते केटररकडून भाड्याने मिळतात. सगळे एकाच आकाराचे हवेत, तोंडाकडे निमुळते, बस. खोक्यातून आलेल्या ग्लासांना पुठ्ठ्याचा वास असतो, भांड्यांच्या साबणाचाही असतो, म्हणून नुसत्या गरम पाण्याने धुवा, पुसू नका, उलटे करून सुकवा, आणि चाखायच्या आधी तरुण वाइनचा एक चमचा आत फिरवून ओतून टाका. कंजूसपणा करू नका इथे.

उघडताना

वीस वर्षांच्या बुचात साधा ओपनर घातला की बूच निम्मं हातात येतं आणि निम्मं आत. दोन पात्यांचा ओपनर मिळतो, बुचाच्या दोन्ही बाजूंनी पाती हळूहळू सरकवून पिळत काढायचं, तो घ्या. नसेल तर साधाच पण स्क्रू पूर्ण खोल घालून, घाई न करता. तुकडे पडले तरी आभाळ कोसळत नाही, चहाच्या बारीक गाळणीतून ओता, गाळणी अर्थात नवी, चहा न पाहिलेली.

ओतताना मोबाइलचा टॉर्च बाटलीच्या मानेखाली धरा, एका लयीत काचेच्या जगमध्ये ओतत जा, आणि मानेत काळी रेघ सरकताना दिसली की थांबा. मागे राहिलेल्या दोन घोटांचा मोह धरू नका. पंधरा-वीस वर्षांच्या पुढची वाइन आयत्या वेळी ओता, ती हवेत पटकन मरते, आमची एक बाटली पहिल्या दहा मिनिटांत जी काय सुंदर होती ती तासाभरात पाण्यासारखी झाली. तरुण मात्र तास-दोन तास आधी ओतून ठेवली तरी तिचं भलंच होतं.

झाकायच्या कशा आणि कुठली आधी

ज्याच्या घरी टेस्टिंग त्याला सगळं माहीत, तो मार्क देत नाही. तो बाटल्या फॉइलमध्ये गुंडाळतो आणि वर आकडे लिहितो. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कारण बिघडलेल्या बुचाचा वास अगदी ओल्या वर्तमानपत्रासारखा असतो आणि मग उगाच वाद होतात. लेबल झाकणं ही फॅशन नाही. 2001 मध्ये छापून आलेला बोर्दोचा एक प्रयोग आहे, वाइनचं शिक्षण घेणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन लाल रंग घालून दिली तर त्यांनी तिचं वर्णन रेडच्या शब्दांत केलं. शिकणाऱ्यांचं असं, तर आपण लेबलवरच्या शातोचं, म्हणजे वाड्याचं, चित्र बघून काय काय वास काढू.

क्रमाबद्दल लोक भांडतात. मी जुन्यापासून तरुणाकडे जातो. तरुण कॅबरनेचं टॅनिन एकदा जिभेवर बसलं की नंतर येणाऱ्या नाजूक म्हातारीचं काही ऐकूच येत नाही, आणि म्हातारी ग्लासात थांबतही नाही. मोजपट्टीवाली तरुण पहिल्या खेपेच्या शेवटी ठेवा, आणि दुसरी खेप सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं पाणी आणि पाव.

आता चाखा, आणि गप्प बसा

प्रत्येक ग्लासात चाळीस-पन्नास मिली, जास्त नाही. आधी बघायचं, ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग. जांभळट म्हणजे तरुण, मग लाल, मग डाळिंबी, मग विटकरी. ग्लासच्या भिंतीवरून ओघळणाऱ्या धारा बघून "काय क्वालिटी आहे" म्हणणारा एक जण असतोच, त्या धारा अल्कोहोलमुळे असतात, क्वालिटीशी काही संबंध नाही.

मग वास, आधी न हलवता, मग हलवून. इथे नवीन माणसं अडकतात कारण त्यांना वाटतं ब्लॅककरंट आणि सिडार म्हणायला हवं. ब्लॅककरंट आपल्यापैकी किती जणांनी खाल्लंय? जांभूळ लिहा, करवंद लिहा, आमसूल, मनुका, कात, सुपारी, पेन्सिलला टोक करतानाचा वास, आजीच्या लाकडी पेटीचा वास, निलगिरी (ऑस्ट्रेलियाच्या कॅबरनेत हा बऱ्याचदा सापडतो), पहिल्या पावसाची माती. स्वतःच्या आठवणीतला शब्द पुढच्या वेळीही तोच राहतो, उसना शब्द विसरतो.

मग घोट, तोंडभर फिरवून. चार गोष्टी बघा. आंबटपणा, थुंकल्यावर जिभेखाली पाणी सुटतं तो. अल्कोहोल, घशात ऊब. अंगाने किती भरीव, गाईचं दूध की म्हशीचं. आणि तुरटपणा, म्हणजेच टॅनिन. आपल्याला हा शब्द आयता मिळालाय, कच्चं केळं, जांभूळ, जास्त उकळलेला चहा, सगळं आपण तुरट म्हणतो आणि त्याची कडूशी गल्लत करत नाही. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं म्हणून हिरड्या कोरड्या पडतात. तरुण वाइनमध्ये हा तुरटपणा सालीसकट कच्च्या केळ्यासारखा खरखरीत असतो, चांगल्या जुनीत मऊ, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीसारखा. जुनी आणि तरुण यातला फरक वासात सापडला नाही तर हिरड्यांत नक्की सापडतो. मग थुंका आणि मनात आकडे मोजा, चव किती सेकंद राहते ते.

थुंकायचं म्हणजे खरंच थुंकायचं, स्टीलच्या उंच डब्यात, प्रत्येकाचा वेगळा डबा. पहिल्या वेळी सगळ्यांना लाज वाटते आणि चौथ्या ग्लासानंतर ज्यांनी थुंकलं नाही त्यांना सगळ्याच वाइन ग्रेट वाटायला लागतात.

आणि या सगळ्या वेळात कोणी बोलायचं नाही. एका खेपेला वीस मिनिटं, फोन उलटे, फक्त कागद-पेन. हे मी फार कडक पाळतो आणि मित्र मला मास्तर म्हणतात, म्हणोत. एकदा एकाने पहिल्याच घोटाला "चॉकलेट!" असं ओरडून सांगितलं आणि पुढे आठही कागदांवर चॉकलेट होतं, माझ्याही. चेहरे करणं, "अंऽऽ" म्हणणं हेही बोलण्यातच धरा.

खायला साधा पाव आणि पाणी. चीज, चिवडा, कबाब सगळं नंतर. चीजमधली चरबी आणि प्रथिनं तुरटपणा झाकून टाकतात, मग वाईट वाइनही गोड वाटते. पार्टीत छान, तुलनेला घातक.

मार्क

शंभरापैकी मार्क देण्याच्या भानगडीत पडू नका, आपल्याला 88 आणि 90 मधला फरक कळत नाही. नुसते नंबर लावा, एक ते सहा, आणि सगळ्यांच्या नंबरांची बेरीज करा, सगळ्यात कमी बेरीज ती पहिली. पण मजा बेरजेत नाही, जिला चौघांनी पहिली आणि तिघांनी शेवटची लावली त्या बाटलीत आहे. तिच्यावर अर्धा तास बोला. दुसऱ्यांदा चाखा, ग्लासात ती बदललेली असते.

वयाबद्दल आधीच मत बनवून बसणाऱ्यांसाठी एक गोष्ट. 24 मे 1976 ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्लिश व्यापाऱ्याने लेबलं झाकून टेस्टिंग ठेवलं, आणि रेडमध्ये फ्रेंच परीक्षकांनीच कॅलिफोर्नियाची 1973 ची स्टॅग्ज लीप पहिली आणली, मूतों रोतशिल्ड या नामांकित फ्रेंच वाइनच्या वर. मग फ्रेंचांचं म्हणणं आलं की आमच्या वाइन जुन्या होऊ द्या, मग बघा. 2006 मध्ये, तीस वर्षांनी, त्याच रेड परत चाखल्या. पहिली आली रिज माँते बेल्लो 1971, तीही कॅलिफोर्नियाची, आणि पहिल्या पाचही तिथल्याच.

बिघडलेली कशी ओळखायची

ओलं वर्तमानपत्र, ओला पुठ्ठा, बंद खोलीतली गादी, असा वास आला आणि फळाचा पत्ताच नसेल तर बूच बिघडलेलं. जुनी बाटली उघडल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं कुबट वास येऊ शकतो, तो उडून जातो, बुचाचा मात्र वाढतच जातो, म्हणून थांबून ठरवा. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर, सुकलेलं सफरचंद, ही हवा लागल्याची वगैरे लक्षणं. तबेल्याचा वास थोडा असेल तर काहींना आवडतो, मला नाही. आणि करपलेला चिंचेचा कोळ म्हणजे काय ते आता तुम्हाला माहीत आहे. अशी बाटली फेकू नका, बाजूला ठेवा आणि सगळ्यांना हुंगायला द्या, फुकटात इतकं चांगलं शिकायला परत मिळत नाही.

नंतर

फॉइल काढल्यावर आरडाओरडा होतो तो होऊ द्या, आता कबाब आणा. गाडी कोणी चालवायची नाही, थुंकलं असलं तरी, ट्रेन आहे, टॅक्सी आहे. उरलेली तरुण वाइन छोट्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी बरी लागते, जुनी त्याच दिवशी संपवा. आणि तळाचा गाळ बेसिनमध्ये ओतताना नळ सोडून ओता, आमच्या पांढऱ्या बेसिनवर दोन वर्षांपूर्वीचा डाग अजून आहे आणि आई प्रत्येक पाहुण्याला तो दाखवते.